आत्मविश्वास आधी की यश आधी? "कॉन्फिडन्स कमी आहे" ऐकून ऐकून कंटाळले

कडेची_खुर्ची

बरेच महिने नुसती वाचत होते, आज लिहितेय कारण डोकं फिरलंय.

मी ९ वर्षं एकाच कंपनीत रिपोर्टिंगचं काम करते, म्हणजे विक्री, स्टॉक, परत आलेला माल असे सगळे आकडे दर महिन्याला जुळवून वर पाठवायचे. काम येतं. हे लिहितानाही अवघडल्यासारखं होतंय पण खरंच येतं, आकडा जुळला नाही की लोक माझ्याच टेबलाशी येतात. आता टीम लीडची जागा निघालीये, फक्त आतल्या लोकांसाठी. फॉर्ममध्ये एक रकाना आहे, "या पदासाठी तुम्ही योग्य का आहात". गेले ११ दिवस तो रकाना उघडते, "मी" एवढं लिहिते, खोडते आणि लॅपटॉप बंद करते. माझ्यानंतर ५ वर्षांनी आलेल्या एका मुलाने पहिल्याच दिवशी फॉर्म भरूनही टाकला.

गेल्या महिन्यातली मीटिंग सांगते म्हणजे कळेल. साहेबांनी विचारलं परत आलेला माल एकदम इतका का वाढला. मला उत्तर माहीत होतं, एका गोदामाच्या दोन महिन्यांच्या नोंदी एकाच महिन्यात पडल्या होत्या, मी स्वतः दोन दिवस आधी ते बघितलं होतं. पण बोलायच्या आधी एकदा खात्री करावी म्हणून फाइल उघडत होते, तेवढ्यात तो मुलगा म्हणाला "सीझनल असणार", सगळ्यांनी माना डोलावल्या आणि विषय संपला. नंतर मी मेल केला, पुराव्यासकट. उत्तर आलं, "थँक्स".

सलग ३ वर्षं अप्रेझलमध्ये तेच वाक्य. तांत्रिक बाजू उत्तम, कॉन्फिडन्स कमी. घरचे म्हणतात स्वतःवर विश्वास ठेव. अरे पण ठेव म्हणजे काय करू नक्की? ती काय वस्तू आहे का शेल्फवर ठेवायला? आणि खरंच करिअर त्याच्यावरच चालतं का, की यश मिळालेली माणसं मागाहून सांगतात की आमचा विश्वास होता?

---

सकाळी_पाच_वाला

ताई एवढा विचार करू नका. रोज उठल्यावर आरशासमोर उभं राहून ५ वेळा मोठ्याने म्हणा "मी लीडर आहे, मी हे करू शकते". २१ दिवस करा, फरक दिसेल. सगळं मनाचं असतं, मन बदललं की जग बदलतं.

---

पुस्तकी_किडा

वरच्या प्रतिसादाला सौम्य विरोध. २००९ साली एक प्रयोग छापून आलाय, त्यात लोकांना "मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे" अशा अर्थाचं वाक्य स्वतःशी परत परत म्हणायला लावलं. ज्यांचं स्वतःबद्दल मुळात बरं मत होतं त्यांना किंचित बरं वाटलं, आणि ज्यांना खरी गरज होती त्यांना आणखी वाईट वाटलं. कारण सरळ आहे, तोंडाने एक म्हणतोय आणि आतून दुसराच आवाज येतोय की खोटं बोलतोयस. आरशातलं हे उसनं अवसान मीटिंगच्या दारापर्यंतही टिकत नाही.

आता ताईंचा मूळ प्रश्न, आधी काय. याच्यावर बरंच काम झालंय, थोडं लांब लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

अल्बर्ट बांडुरा नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९७७ मध्ये सेल्फ-एफिकसी ही कल्पना मांडली. तिचा अर्थ "मी भारी आहे" असा अजिबात नाही. अर्थ असा की हे अमुक काम मला जमेल असं मला वाटतं का. म्हणजे एकाच माणसाला आकडे जुळवायचा पूर्ण विश्वास असू शकतो आणि दहा जणांसमोर बोलायचा शून्य. तुमच्या साहेबांनी "कॉन्फिडन्स" हा एकच शब्द वापरून सगळ्याची खिचडी केलीये. बांडुरांनी हा विश्वास कुठून येतो तेही सांगितलंय, चार ठिकाणांहून, आणि त्यातलं सगळ्यात दणकट म्हणजे ते काम स्वतः करून जमलेलं असणं. मग आपल्यासारख्याच कुणाला तरी ते करताना बघणं. मग कुणीतरी दिलेला धीर, हा बराच लेचापेचा. आणि चौथं म्हणजे छाती धडधडते, घाम येतो त्याचा आपण काय अर्थ लावतो ते. घरचे तुम्हाला देतायत तो यातला तिसरा प्रकार, त्यांचं काही चुकत नाही पण तेवढ्यावर भागत नाही.

करिअरवर परिणाम होतो का? होतो. १९९८ मध्ये ११४ अभ्यास एकत्र करून बघितलं तेव्हा हा विश्वास आणि कामाचा दर्जा यांच्यातला सहसंबंध (० म्हणजे काहीच नातं नाही, १ म्हणजे पूर्ण नातं) ०.३८ च्या आसपास निघाला. मानवी वागणुकीत हा आकडा चांगलाच मानतात, पण त्याचा वर्ग करा, म्हणजे कामातल्या फरकातला साधारण १४ टक्के भाग त्याच्याशी जोडलेला, बाकीचा ८६ टक्के इतर गोष्टींशी. आणि २०१३ मध्ये दोन संशोधक बायकांनी मिळून असेच बरेच अभ्यास तपासले, त्यात एकाच माणसाकडे वारंवार बघितल्यावर असं दिसलं की आधीच्या कामगिरीमुळे विश्वास वाढतो हे नातं बरंच ठळक आहे, आणि विश्वासामुळे पुढची कामगिरी वाढते हे अगदीच पुसट. तुम्ही जे शेवटी चिडून लिहिलंय ना, मागाहून सांगतात म्हणून, त्यात दम आहे.

---

सकाळी_पाच_वाला

अहो किडा साहेब, आकडे ठीक आहेत पण मग त्या शास्त्रज्ञ कॅटलिन कारिको बघा ना. १९९५ मध्ये त्यांना विद्यापीठात खालच्या पदावर आणलं, संशोधनाला पैसे मिळत नव्हते, कुणी विचारत नव्हतं, तरी एमआरएनए, म्हणजे पुढे कोविडच्या लशीत वापरला तो रेणू, सोडला नाही. २०२३ चं नोबेल. हा विश्वास नाही तर काय?

---

पुस्तकी_किडा

चांगलं उदाहरण, मान्य. पण त्यांचा विश्वास "मी ग्रेट आहे" यावर होता की "हा रेणू काम करेल" यावर? त्या रोज प्रयोगशाळेत जाऊन तो रेणू तपासत होत्या, २००५ मध्ये सहकारी ड्रू वाइसमन यांच्यासोबतचा पेपर आला तोही प्रयोगातून. आरसा कुठेच नाही त्यात. शिवाय असाच हट्ट धरून बसलेले आणि ज्यांचा रेणू चाललाच नाही असे किती असतील, ते आपल्या कानावर येतच नाहीत.

---

जुना_सेटर

मी काही शिकलेला माणूस नाही, सीएनसी लेथवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रोग्रामवर चालणाऱ्या कातकामाच्या मशीनवर, २२ वर्षं सेटिंग करतोय. पण हा विषय वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय, चुकभूल माफ करा.

आमच्याकडे नवीन जॉबचा, म्हणजे कापायच्या भागाचा, प्रोग्राम आला की कितीही जुना माणूस असू द्या तो पहिल्यांदा हवेत फिरवतो. म्हणजे टूल जॉबपासून लांब ठेवायचं आणि सगळा प्रोग्राम मोकळा चालवून बघायचा. मग जॉब लावला तरी सिंगल ब्लॉक, एकेक ओळ, रॅपिड, म्हणजे टूल पळायचा वेग, २५ टक्क्यावर आणि एक बोट टूल थांबवणाऱ्या फीड होल्डच्या बटनावर. बाहेरचा कुणी बघेल तर म्हणेल काय घाबरट आहे हा, २२ वर्षं झाली तरी. पण मला भीती नसते, मला फक्त माहीत असतं की बिघडलं तर थांबवता येतं. माझा कॉन्फिडन्स त्या बोटात आहे असं समजा.

एक पोरगा आला होता शिकायला, हुशार, तोंडाने तर लईच हुशार. तिसऱ्या आठवड्यात म्हणाला हवेत फिरवायची गरज नाही मला कळतं. ऑफसेट, म्हणजे टूल किती सरकवायचं तो आकडा, टाकताना ०.२ च्या जागी २ गेला. आवाज आला तो अजून कानात आहे, इन्सर्टचे, म्हणजे टूलच्या कापणाऱ्या टोकाचे, तुकडे आतून काचेवर येऊन बसले, जॉब पकडणाऱ्या चकच्या जबड्याला ओरखडा. कुणाला लागलं नाही एवढं नशीब.

पण खरी गोष्ट त्याच्या पुढची आहे. तो पोरगा त्यानंतर सायकल स्टार्ट, म्हणजे मशीन चालू करायचं बटन, दाबेना. हिरव्या बटनापर्यंत हात न्यायचा आणि माझ्याकडे बघायचा. दाबू का? मी पहिले दोन दिवस त्याला समजावलं, होतं असं, घाबरू नको, तू हुशार आहेस वगैरे. काय उपयोग नाही झाला. मग मी बोलणं बंद केलं. एक सोपा जॉब दिला, साधी बुश, ३० नग, आणि सांगितलं प्रत्येक नग मायक्रोमीटरने मोजून वहीत लिही. पहिल्या नगाला त्याने तीनदा मोजलं. दहाव्याला दोनदा. अठरा की वीस नग झाले असतील, माझ्या लक्षात आलं की हा आता दाबायच्या आधी माझ्याकडे बघत नाहीये. त्याच्याही लक्षात नव्हतं आलं. वहीत सगळे आकडे दोन शतांशाच्या आत होते आणि ते त्याच्याच अक्षरात होते.

ताई तुमच्याकडे ९ वर्षांचे नग आहेत पण वही नाही असं मला वाटतं.

---

कडेची_खुर्ची

सेटर दादा, तुमचं शेवटचं वाक्य वाचून दोन मिनिटं नुसती बसले होते. वही नाहीच आहे. फाइल जुळली की मी बंद करते आणि पुढची उघडते, त्यात चूक कुठे सापडली, किती मोठी होती, कुणाला कळवलं, काहीच लिहून ठेवलेलं नाही. चुका झाल्या त्या मात्र तारखेनिशी पाठ आहेत.

---

पॅनेलवर_बसलेली

मी टेबलाच्या पलीकडे बसते, गेल्या ६-७ वर्षांत बढतीच्या मुलाखती बऱ्याच घेतल्यात, तर थोडं आतलं सांगते. आवडणार नाही कदाचित.

हो, जो ठासून बोलतो त्याला जास्त मार्क पडतात. आम्ही मुद्दाम नाही करत, पण ४० मिनिटांत माणूस किती कळणार, मग आवाज, नजर, उत्तर किती पटकन आलं यावरच मत होतं. मी स्वतः एकाला असंच उचललं होतं, काय बोलायचा, वा. चार महिन्यांनी कळलं की त्याचं काम दुसरीच एक मुलगी करून द्यायची आणि ती मुलाखतीला आलीही होती, आम्हीच तिला "थोडी बुजरी" म्हणून मागे ठेवलं होतं. तेव्हापासून मी हट्टाने प्रत्येकाला तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारते आणि एक छोटं काम तिथेच करायला देते. फरक पडतो. पण तुमच्याकडे तसं असेलच असं नाही, म्हणून एकच गोष्ट सांगते जी मी शेकडो वेळा बघितलीये.

काम करणारी माणसं मुलाखतीत "आम्ही" म्हणतात. आम्ही सिस्टिम बदलली, आम्ही चूक शोधली. मी विचारते त्यात तुमचं काय होतं, तर म्हणतात सगळ्यांनीच केलं. आता मी कागदावर काय लिहू सांगा? नम्रपणा हा रकाना नसतो आमच्याकडे. झाकली मूठ सव्वा लाखाची हे ठीक आहे पण पॅनेलला मूठ उघडलेली बघायची असते हो. आपलंच घोडं दामटायला मी सांगत नाहीये. "नोंदी दोन महिन्यांच्या एकत्र पडल्या होत्या, ते मी शोधलं, कारण कळवलं" एवढं म्हणा, ही बढाई नाही, हा रिपोर्ट आहे, आणि रिपोर्ट तर तुम्ही ९ वर्षं देताय.

त्या रकान्यात "मी" लिहून खोडताय ना? मग "मी" ने सुरूच करू नका. तारखेने सुरू करा. अमुक महिन्यात अमुक आकड्यात इतका फरक येत होता. वाक्य संपेपर्यंत "मी" आपोआप येईल.

---

एकदा_आपटलेला

सगळे विश्वास कसा वाढवायचा सांगतायत म्हणून मी उलट बाजू सांगतो.

माझा विश्वास भरपूर होता, जरा जास्तच. चांगली नोकरी सोडून स्वतःचं सॉफ्टवेअर काढलं, १४ महिने चालवलं, म्हणजे चाललं नाही पण मी चालवलं. पहिल्या तीन महिन्यांतच दिसत होतं की लोक डेमो बघतात, छान म्हणतात आणि परत फोन उचलत नाहीत. माझा पार्टनर म्हणाला पाच जणांना नुसतं विचारू या की पैसे द्याल का. मी त्याला काय म्हणालो माहितीये? निगेटिव्ह बोलू नकोस. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, व्हिजिटिंग कार्डं आधी छापली गिऱ्हाईक नंतर शोधलं. शेवटी बचत संपली, पार्टनर गेला आणि मी जुन्याच पगाराच्या खालच्या पगारावर दुसरीकडे लागलो.

मला त्या काळात झोप छान लागायची हे विशेष. डोळे मिटले की यश दिसायचं, ऑफिस, माणसं, सगळं. नंतर कुठेतरी वाचलं की नोकरी शोधणाऱ्या पदवीधरांवर एक अभ्यास झाला होता, गॅब्रिएल ओटिंगेन आणि सहकाऱ्यांचा, २००२ मध्ये छापलेला. ज्यांना वाटत होतं की नोकरी मिळेल त्यांचं दोन वर्षांनी बरं चाललेलं होतं. पण जे नोकरी मिळाल्याची गोड स्वप्नं रंगवत बसायचे त्यांनी अर्ज कमी केले, ऑफर कमी आल्या, पगारही कमी. अंदाज आणि स्वप्न यात एवढा फरक. माझं दुसरं होतं आणि मी त्याला पहिलं समजत होतो.

म्हणून ताई, बोलायच्या आधी फाइल उघडून बघता ही सवय सोडू नका प्लीज. फक्त फाइल उघडता उघडता तोंडाने म्हणा, "एक मिनिट, मला वाटतं कारण वेगळं आहे, मी बघतेय". एवढं बोललात तर सीझनलवाला गप्प बसतो, आणि तुम्हाला तुमचं एक मिनिट मिळतं.

---

रात्रपाळी

सगळं वाचलं, छान आहे, पण एक कुणीच बोललं नाही. तीन वर्षं "कॉन्फिडन्स कमी" लिहिणाऱ्या साहेबाला कुणी विचारलं का की म्हणजे नक्की काय? कुठल्या दिवशी, कुठल्या मीटिंगला, काय करायला हवं होतं? आमच्याकडे पण हा शब्द असाच वापरतात, ज्याला बढती द्यायची नाही त्याच्या कागदावर ठोकून द्यायचा. त्याला ना माप ना तारीख. सगळं खापर माणसाच्या स्वभावावर फोडलं की वरच्यांचं काम संपलं. तुझा मेल वाचून ज्याने नुसतं थँक्स लिहिलं आणि पुढच्या मीटिंगमध्ये ते दुरुस्त करून सांगितलं नाही, त्याचा पण यात वाटा आहे की नाही? सगळा दोष आपल्या आत शोधायची सवय पण वाईटच.

---

पॅनेलवर_बसलेली

रात्रपाळीशी १०० टक्के सहमत, आणि विचारताना मेलवर विचारा. तोंडी विचारलं की गोलगोल उत्तर मिळतं.

---

कडेची_खुर्ची

उशीर झाला लिहायला, सॉरी. सगळ्यांचं दोनदा वाचलं.

साहेबांना मेल केला. सरळ विचारलं की कॉन्फिडन्स कमी म्हणजे गेल्या वर्षभरातला एखादा प्रसंग सांगाल का. दोन दिवस काहीच नाही, मग केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले तसं काही खास नाही, जनरल इम्प्रेशन आहे. मी म्हटलं मग तो परत आलेल्या मालाचा विषय, त्याचं कारण मी मेलमध्ये दिलं होतं, ते वर गेलं का? ते थोडे थांबले आणि म्हणाले, गेलं नाही. एवढंच. मोठं भांडण वगैरे काही नाही झालं पण केबिनमधून बाहेर आले तेव्हा हात थरथरत होते आणि तरी बरं वाटत होतं, हे दोन्ही एकदम कसं होतं माहीत नाही.

मग जुने मेल काढून वही केली. खरं तर एक्सेल शीट, सवय जात नाही. सापडलेल्या चुका, तारीख, किती रकमेचा फरक, कुणाला कळवलं. फक्त गेल्या दोन वर्षांच्याच ३७ ओळी झाल्या. मला वाटलं होतं दहा-बारा असतील. फॉर्म काल भरला, पॅनेल ताईंनी सांगितलं तसं तारखेने सुरू केला. पाठवायच्या आधी "आम्ही" शोधलं तर ४ सापडले, ३ खोडले, एक खरंच आम्ही होतं ते ठेवलं.

तो मुलगा वाईट नाहीये हां, हे लिहायचं राहिलं. त्याला फॉर्म दाखवला तर म्हणाला तुझा वाचून माझा खोडावासा वाटतोय.

मुलाखत पुढच्या गुरुवारी. पोटात गोळा आहेच.

---

जुना_सेटर

एकदा हवेत फिरवून बघा. घरात कुणालातरी समोर बसवा आणि त्या ३७ मधल्या दोन ओळी मोठ्याने सांगा, अडखळाल तिथे थांबा, परत तिथूनच सुरू करा.

---

एकदा_आपटलेला

आणि लीड केलं तर पगार किती वाढणार हे विचारायला विसरू नका. तिथे पण फाइल उघडत बसाल.

---

कडेची_खुर्ची

हाहा. ती शीट पण केलीये.